कोल्हापुरात दोन दिवस : कुठे खावं, काय घ्यावं आणि भाव किती पाडून मागावा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मिसळ आणि तांबडा-पांढरा कुठे खावा, चप्पल कुठून घ्यावी, आणि 'दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा असं मित्राने सांगितलंय, ते बरोबर आहे का?' पहिल्या दोन प्रश्नांना इथे भरपूर उत्तरं येतील. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. बरोबर नाही. अजिबात नाही. माझं माहेर सुभाषनगरचं आहे, आमच्या घरी चपला बनतात, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी खाण्याचं उरकून घेते. मिसळ सकाळीच खायची. उद्यमनगरात फडतरेंकडे जायचं असेल तर लवकर जा आणि थांबायची तयारी ठेवा. बरोबर लहान मुलं असतील तर तो हट्ट सोडा. कसबा बावड्याची मिसळ किंवा खासबागेजवळची मिसळ तितकीच चांगली आहे. मिसळीबरोबर इथे स्लाईस ब्रेड येतो, पाव मागू नका. कट हवा तेवढा मागून घ्या, लाजू नका. आणि कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं, ही समजूत बाहेरच्या हॉटेलांनी पसरवली आहे. चांगल्या कटाला कांदा-लसूण मसाल्याची चव असते, नुसता जाळ नसतो. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची ती लालभडक भाजी आमच्या कुणाच्याच घरी होत नाही.

मटणाच्या ताटाला ओपल, पद्मा, देहाती ही नावं सगळेच सांगतात, त्यांतल्या कुठेही जा. फक्त पांढरा रस्सा आधी एकटा पिऊन बघा. मटणाचं अळणी (बिनतिखटाचं पाणी), नारळाचं दूध, तीळ-खसखस यांवर तो उभा असतो. तांबड्यात कालवला की ती सगळी मेहनत वाया जाते. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ, आणि रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. पोटाला सवय नसेल तर दूध अर्धाच ग्लास घ्या.

आता चप्पल.

ताईचं लग्न झालं त्या वर्षी दाजी दिवाळसणाला आले. बरोबर त्यांचे ऑफिसातले दोन मित्र होते, पुण्याचे. सगळ्यांना गाव बघायचं होतं. अंबाबाईचं दर्शन झालं, भवानी मंडप झाला आणि तिथून चालत आम्ही चप्पल लाईनला गेलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरून निघतानाच सांगितलं होतं, 'पाव्हण्यांना पाहिजे तर घरात जोड्या हाईत, इथनंच घिऊन जावा.' पण मित्रांना दुकानात जाऊन निवडायचं होतं. तेही ठीकच. आमचा माल ज्या दुकानांत जातो त्यांतल्याच एकात आम्ही शिरलो. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नव्हता.

एका मित्राला कापशी नावाच्या प्रकारातली चप्पल आवडली. मी जोडी हातात घेतली आणि पट्ट्यावरच्या चामड्याच्या वेणीवरूनच ओळखली. आईची वेणी होती ती. आई ओल्या वादीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरते आणि बाकीच्या वाद्या बोटांत ताणून वळत जाते. तिचा डावा हात जरा जास्त ओढतो, म्हणून तिच्या वेणीचा पीळ एका बाजूला किंचित घट्ट बसतो. बाहेरच्या माणसाला तो दिसायचा नाही, मला दिसतो. त्या जोडीचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, आबांनी शिवले होते. तळाला एक खिळा नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची.

दुकानदाराने किंमत सांगितली. मित्राने निम्मी सांगितली. मग सुरू झालं ते बराच वेळ चाललं. दुकानाबाहेर पाऊल टाकायचं, परत यायचं, पलीकडचा स्वस्त देतोय म्हणायचं. दाजी हसत मित्राच्या बाजूने बोलत होते. 'मालक, आम्ही इथले जावई आहोत, जावयाकडून एवढे घेता?' दुकानदार माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने दोनशे रुपये सोडले आणि जोडी कागदात गुंडाळताना मला हळूच म्हणाला, 'तुझ्या बापाचीच जोडी हाय, बाई. मी तरी काय करू.'

दाजींनी ते ऐकलं. ऐकूनही बाहेर आल्यावर म्हणाले, 'ऑनलाईन याच्या निम्म्यात मिळते.'

तिथून जेवायला गेलो. चांगलं हॉटेल होतं, ताटं आली, रस्से आले, मटणाच्या जादा वाट्या मागवल्या. बिल आलं तेव्हा त्याच मित्राने खिशात हात घातला आणि आकडा न वाचता पैसे दिले, वर वाढप्याला बक्षिसी दिली. जेवणाच्या भावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाढप्याला मिळाली याचा मला आनंदच आहे, त्याचाही घाम आहे. पण तासाभरापूर्वी ज्या माणसाला दोनशे रुपये फार जड झाले होते, तोच हा माणूस. मला तेव्हाही बोलायचं होतं. ताईने टेबलाखालून माझा हात दाबला, म्हणून बोलले नाही.

घरी आल्यावर बोलले. दाजींचं म्हणणं असं, की बाजारात घासाघीस हा रिवाज आहे, दोन्ही बाजूंना ते माहीत असतं, दुकानदार ते धरूनच किंमत सांगतो, कुणी मनाला लावून घेत नाही. तेव्हापासून आजपर्यंत आमचा हाच वाद चालू आहे आणि माझं उत्तरही तेच आहे. दुकानदार त्याचा नफा सोडत नाही. महिनाअखेरीला हिशेबाला बसला की 'माल उठत नाही, गिऱ्हाईक भाव देत नाही' म्हणतो आणि जोडीमागची मजुरी तेवढीच ठेवतो. चामड्याचा भाव मात्र तेवढाच राहत नाही. 2015 साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कातड्याची ओढाताण सुरू आहे. कातडं कमावायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, त्याला दिवसच्या दिवस लागतात. पावसाळ्यात चामडं वाळत नाही, म्हणजे काम अर्ध्यावर येतं. या सगळ्यातून उरते ती बाईच्या वेणीची मजुरी, आणि कमी करायची वेळ आली की पहिली तिचीच होते. वेणी घरी बसून होते ना, म्हणून ती कामात धरतच नाहीत.

आबा सहसा अशा वादात पडत नाहीत. त्या रात्री पडले. दाजींच्या मित्रांना त्यांनी गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक असते, तुम्ही बाहेरचे असाल तर सांगते. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना मारलं. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितलं, मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर कांबळेंचं चहाचं हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावायचे. आबा म्हणाले, 'महाराजांनी नुसती दया केली न्हाई. महाराज गिऱ्हाईक झाले.'

यावर दाजी काही बोलले नाहीत. त्यांचे स्वतःचे आजोबा चपला बनवायचंच काम करायचे, साताऱ्याकडे. ते दाजींनी मित्रांना तोवर सांगितलं नव्हतं, त्या रात्रीही सांगितलं नाही. मला घासाघिशीपेक्षा ते जास्त लागलं.

मग जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाल्यावर मान्य केलं. घरच्या ग्रुपवर दाजींनीच पहिला मेसेज टाकला, आमच्या मातीची कला, आमच्या कारागिरांचा अपमान वगैरे. मी खाली लिहिलं, 'दाजी, आईच्या वेणीचे दोनशे रुपये अजून बाकी आहेत.' ताई रागावली. दाजी ग्रुपवर बरेच दिवस गप्प होते. मी ते पुसलेलं नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. मानांकन कागदावर चांगलंच आहे, पण घरात मजुरी येते ती गिऱ्हाइकाच्या हातून. परदेशी कंपनीवर संतापायचं आणि कोल्हापुरात पापाच्या तिकटीला येऊन निम्मा भाव मागायचा, हे एकाच माणसाने करू नये.

तर तुमच्या मित्राला सांगा, निम्म्यापासून सुरुवात करायची नाही. भाव विचारा, दोन-तीन दुकानं फिरा, परवडत नसेल तर साधी जोडी घ्या किंवा घेऊ नका. पण चप्पल हाताची आहे हे पटलं असेल, तर दुकानदार म्हणेल ते द्या. आपणहून पन्नास रुपये कमी केले तर घ्या, तो त्याचा मान.

हाताची आहे हे ओळखायचं कसं, हे मात्र नीट शिकून या, कारण फसवणुकीची भीती सगळीच खोटी नाही. कडेने तळ बघा, चामड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. एकसंध गुळगुळीत पट्टी असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. उलटी करून शिवण बघा, वादीची आहे की नायलॉनच्या दोऱ्याची. नाकाजवळ धरा. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही, रेक्झिनला आणि केमिकलच्या चामड्याला तो येत नाही. दुकानदाराला विचारून तळाला पाण्याचं बोट लावा. चामडं पाणी पितं, तिथे डाग गडद होतो. रंग जितका चमकदार, तितका संशय घ्या. तेल प्यायलेला साधा तपकिरी रंग सगळ्यात टिकतो. दोन्ही चपला शेजारी ठेवून वेण्या बघा, तंतोतंत सारख्या नसतात, नसाव्यातही. आणि चांगली कापशी तीन-चारशे रुपयांत कुणी देत असेल तर तिथून निघा, तेवढ्यात चामडंसुद्धा येत नाही.

नवी चप्पल चावते. त्यासाठी दुकानदाराला शिव्या देऊ नका. कानाच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेल लावून रात्रभर ठेवा, घरातल्या घरात घाला, आठवडाभरात पायाला बसते. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलीत तर तळ वाकडा होईल आणि मग म्हणाल कोल्हापुरी टिकत नाही.

आणखी काही सांगायचं राहिलं. चप्पल लाईनवरचं प्रत्येक दुकान हाताचाच माल विकतं असं नाही, बाहेरून आलेला माल कोल्हापुरी म्हणून लावणारेही तिथे आहेत, आणि त्यांना मी पाठीशी घालणार नाही. गुजरीत सोनं घेताना मात्र घडणावळ खुशाल तासून विचारा. गळ्यातला कोल्हापुरी साज घेणार असाल तर एकवीस पानं मोजून घ्या आणि पावती घ्या, सराफाशी भाव करण्यात काही गैर नाही. गूळ दिवाळीनंतर नवा येतो. पिवळाधमक दिसतो म्हणून भुलू नका, काळसर घ्या. माझ्या घरचा धंदा आहे म्हणून मी एका बाजूने बोलते, असं दाजी म्हणतात. बोलते. दुसऱ्या बाजूने बोलणारे तुम्हाला भरपूर भेटतील.

घरच्यांसाठी जोड्या घेणार असाल तर नंबर विचारून येऊ नका, हाताच्या कामात नंबर थोडा इकडेतिकडे होतो. जाड कागदावर प्रत्येकाला उभं करून पायाच्या कडेने पेन्सिल फिरवा, दोन्ही पायांची, आणि तो कागद घेऊन या. आई-आबांसारखे कारागीर त्यावरून बरोबर जोडी काढून देतात. नसेल तर करून देतात, त्याला मात्र दोन दिवस पुरत नाहीत. पत्ता आणि पूर्ण पैसे देऊन जा, कुरिअरने येते.