बेरीज २५०३०० कशी आली?

प्रश्न : सर, मी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगावला मामांचं बेदाण्याचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी बनवली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली तर फोटो येत नाही. मुलाखतीत पानाच्या कोडमधल्या, स्क्रीनवर न दिसणाऱ्या वरच्या भागाबद्दल 'हेडमध्ये काय लिहिलंय आणि का?' असं विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. बाबा आता चाळीस हजारांचा क्लास लावायला तयार आहेत. लावू का?

उत्तर : एवढ्यात नको. तुझ्या पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून बघितला. शिकायला लागणारं सामान त्यातच पडलंय.

कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये (सर्च इंजिनसाठी शोधशब्द लिहायची कोडमधली जागा) बेदाणा, मनुका, किसमिस असे शब्द ठासून भरलेस. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, असं गूगलनं २००९ सालीच सांगितलंय. (काही क्लासवाले तो अजूनही शिकवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.) पान मराठीत, पण भाषा सांगणारं लँग 'ईएन'च, म्हणजे इंग्रजीच, राहिलंय. स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मग मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला बघतो. तिथे 'एमआर' कर. लिंकसोबत फोटो दिसावा म्हणून ओपन ग्राफचे टॅग घाल, फेसबुकनं २०१० मध्ये आणलेले. त्यात फोटोचा पत्ता अर्धवट नको, 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण हवा. अर्ध्या तासाचं काम.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक मालाच्या चौकटीला तू किंमत साठवणारा 'डेटा-भाव' लावलास, ते बरोबरच. एचटीएमएल ५ मध्ये ही सोय त्यासाठीच आहे. पण २५० आणि ३०० चे दोन माल निवडले की एकूण रक्कम २५०३००! डेटासेटमधून, म्हणजे या 'डेटा-' नोंदींतून, जे हाती येतं ती कायम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते, आणि दोन स्ट्रिंगांमध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचं अधिक चिन्ह बेरीज करत नाही, एकापुढे एक चिकटवून देतं. आधी नंबरमध्ये बदलून घे. पुढच्या मुलाखतीत ही चूक स्वतःहून सांग, ती कशी सापडली तेही सांग. मी समोरच्या, मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलोय. पाठ केलेल्या व्याख्या ऐकून कान किटतात गं.

बाबांचे पैसे राहू देत. जावास्क्रिप्ट पक्की झाली की रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीचं बघू.

आणि एक. 'डेटा-खरेदी' नावाखाली मामांचा खरेदीचा भाव पानातच ठेवलायस. गिऱ्हाइकानं कंट्रोल-यू दाबून सोर्स उघडला की नफा उघडा. तो आज रात्रीच काढ. मामांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.