मुलगी रक्तपाताची कार्टून बघते, काय करू?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मूल जपानी ॲनिमे बघतं, त्यात तलवारी चालतात, हात तुटतात, रक्त भिंतीवर उडतं, आणि मूल तेच तेच पुन्हा लावून बघतं. याच्या डोक्यावर काय परिणाम होणार? ऋचाच्या आईही हेच विचारायला आल्या होत्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला दोघींची हरकत नाही.)

ऋचा सतरा वर्षांची, बारावीत. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, बाबा बँकेत. आईंनी तिच्या चित्रांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो गुपचूप काढून आणला होता. मनगटापासून तुटलेला हात, शेजारी पडलेली तलवार. ‘मुलगा असता तर एक वेळ समजले असते हो, पण मुलगी असून?’ आणि लगेच पुढे, ‘पुण्यातली ती कोयतावाली पोरं बघा, हिच्याच वयाची असतात.’

बाबांचं म्हणणं उलट टोकाचं. ‘कार्टून तर आहे, बघू दे की.’

मला दोघांचंही पटलं नाही. बाबांचं तर अजिबातच नाही. डोरेमॉन आणि शिनचॅन घराघरांत पोचल्यामुळे जपानी चित्रं म्हणजे पोरांची करमणूक हे आपल्या मनात घट्ट बसलंय. जपानमध्ये मोठ्यांसाठीही ॲनिमेशन बनतं. योशिआकी कावाजिरी यांचा १९९३चा ‘निन्जा स्क्रोल’ उघडउघड प्रौढांसाठी आहे. तिथे सिनेमांना चार पायऱ्यांचं प्रमाणपत्र मिळतं: सर्वांसाठी, बारा वर्षांखालच्यांना पालकांचा सल्ला, पंधराच्या वर, अठराच्या वर. आपल्याकडेही २०२४च्या नियमांनी ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे, सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले. पण प्रमाणपत्रावर सगळा भार टाकता येत नाही. ‘डीमन स्लेयर’ या ॲनिमे मालिकेचा रेल्वेगाडीवरचा सिनेमा जपानमध्ये बारा वर्षांच्या पायरीवर पास झाला, अमेरिकेत त्यालाच ‘आर’ मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठं माणूस सोबत हवं. मुलं फोनवर बघतात तेव्हा तर दाराशी कुणीच उभं नसतं.

ऋचाला एकटीला भेटले. ‘हे का बघतेस?’ असं मी मुलांना विचारत नाही. त्या प्रश्नात निकाल आधीच दिलेला असतो. तिला विचारलं, ‘कुठला सीन मागे नेऊन पुन्हा बघतेस?’

आधी संशयाने बघितलं, मग सुटलीच. मासाहिरो आंदो यांचा २००७चा ‘सोर्ड ऑफ द स्ट्रेंजर’. त्यातला नायक नाव नसलेला भटका सामुराई. पूर्वी मालकाच्या हुकमावरून त्याने लहान मुलांचा जीव घेतलाय, म्हणून आता तलवार म्यानाला दोरीने बांधूनच ठेवतो आणि मारामारीतही म्यानासकट वापरतो. एक पोरका मुलगा आणि त्याचा कुत्रा त्याच्या गळ्यात पडतात. शेवटी त्या मुलासाठी तो दोरी सोडतो आणि मग बर्फातली ती लढाई. ऋचा ती अक्षरशः एकेक चित्र थांबवून बघत होती. ‘मॅडम, हे ॲनिमेटर युताका नाकामुरांचं काम आहे. वजन कुठल्या पायावर आहे ते बघा ना.’ वही मागवून घेतली. तुटलेल्या हाताच्या आधीची कितीतरी पानं नुसती पावलांची होती. टाच उचललेली, पंजा वळलेला, गुडघा दुमडलेला. आईंच्या नजरेत भरलं ते एकच पान.

इथेच थांबले असते तर गोष्ट सरळ झाली असती: मुलीला चित्रकलेची आवड, पालकांचा गैरसमज. पण ऋचा प्रामाणिक होती. ‘आणि रक्त पण आवडतं. खोटं कशाला बोलू? एका फटक्यात विषय संपतो. आमच्या घरी कुठला विषय संपतच नाही.’

बाबा आणि मोठे काका यांच्यात घराच्या वाटणीचा दावा चालू आहे. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून. एकाच वाड्यात दोन चुली, जिन्यात समोरासमोर आले की दोघंही फोनमध्ये बघतात. तारखा पडतात, जेवताना कुणी बोलत नाही, आणि मुलांना ‘तू यात पडू नकोस.’ अशा घरातल्या मुलीला दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, नजरेला नजर देतात आणि काय तो निकाल लागतो, हे बघून बरं वाटलं, यात मला विकृत काही दिसलं नाही. तलवारीच्या सिनेमांची ओढ पुष्कळदा हीच असते. मारण्यापेक्षा निकालाची.

मी तिला तिच्याच आवडीच्या दुसऱ्या गोष्टीकडे नेलं. ‘रुरोनी केनशिन’ या ॲनिमे मालिकेची १९९९ साली आलेली चार भागांची पूर्वकथा. सम्राटाच्या बाजूने क्योतोत माणसं मारणारा चौदा वर्षांचा मुलगा, केनशिन. एका रात्री तो ज्याला मारतो, त्याचीच वाग्दत्त वधू पुढे त्याच्या आयुष्यात येते. विचारलं, ‘त्याचा विषय संपला का एका फटक्यात?’ ऋचा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘केनशिनच्या गालावरचा पहिला वार तर त्याने मारलेल्या त्याच माणसाने केलेला असतो. तो भरतच नाही.’ दाव्याबद्दल ती त्यानंतर मोकळेपणी बोलायला लागली.

एक गोष्ट मात्र तिने बऱ्याच उशिरा सांगितली. कॉलेजमधल्या कुणीतरी ‘निन्जा स्क्रोल’ पाठवला होता. त्यात सुरुवातीलाच बाईवरच्या अत्याचाराचा प्रसंग आहे. तिला तो सहन झाला नाही, अर्ध्यात बंद केला, दोन-तीन रात्री झोप लागली नाही. आईला का सांगितलं नाहीस? ‘फोन काढून घेतला असता.’

मला काळजी वाटली ती इथे. लढाईतलं रक्त आणि हा प्रसंग एका पंक्तीत बसवायचे नाहीत, हे पालकांना मी ठामपणे सांगते. तलवारबाजी कितीही सुंदर रेखाटलेली असो, शाळकरी वयात ‘निन्जा स्क्रोल’ नको म्हणजे नको. पण मूल चुकून तिथे पोचलंच, तर त्याला घरी येऊन सांगता आलं पाहिजे. सरसकट बंदीने बघणं थांबत नाही, सांगणं थांबतं.

आईंशी बोलताना मी विचारलं, ‘चौथीला तुम्ही अफझलखानाचा वध शिकवता ना?’ त्या हसल्या. ‘मुलांना तोच धडा सगळ्यात आवडतो. कोथळा म्हटलं की वर्ग डोक्यावर घेतात.’ त्या वर्गातून कुणी वाघनखं घालून बाहेर पडत नाही. कारण शिकवणारी समोर असते, गोष्ट कशासाठी घडली ते सांगते. ऋचा रात्री एक वाजता कानात हेडफोन घालून एकटी बघत होती. मला फरक वाटतो तो हा.

कोयत्याच्या भीतीबद्दलही बोलावं लागलं. हिंसक व्हिडिओ गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये सांगितलं की ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी त्यांचा थोडासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडावं इतका पुरावा नाही. सिनेमा म्हणजे गेम नव्हे, तेव्हा हे जसंच्या तसं लागू करू नये, पण घाबरून जाण्याआधी माहीत असावं. मी बघते ते वेगळंच. मूल मुक्या जनावराला त्रास देतं का? कुणाला लागलं तर त्याला मजा वाटते का? दप्तरात, गाडीच्या डिकीत हत्यार आहे का, कुणाला धमकावलंय का? मित्र तुटलेत का? यातलं काही असेल तर सिनेमाचा वाद बाजूला ठेवून ताबडतोब मदत घ्यावी. ऋचाच्या बाबतीत झोपेखेरीज काही नव्हतं. फोन रात्री साडेदहाला हॉलमध्ये ठेवायचा, असं ठरलं. आईबाबांचाही, ही ऋचाची अट.

एका रविवारी आईंनी ‘सोर्ड ऑफ द स्ट्रेंजर’ तिच्यासोबत पूर्ण बघितला. दोनदा डोळे मिटून घेतले म्हणे, आणि कुत्र्यावर विषप्रयोग होतो तिथे ऋचापेक्षा जास्त घाबरल्या. बाबा तासाभराने उठून गेले. दाव्याची तारीख काय झाली, हे मात्र ते आता जेवताना सांगतात.

परवा आईंचा पुन्हा फोन आला. ऋचाला सीईटी द्यायची नाही, ॲनिमेशन शिकायचंय. ‘तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत,’ असा सूर होता. शनिवारची वेळ दिली आहे. या वेळी बाबांनाही बोलावलंय.