मुंबई खरंच सगळ्यांना सामावून घेते, की नुसते वेगवेगळ्या समाजांचे कप्पे आहेत?

कप्पे आहेत. पण ते पडले कसे, हे आधी बघा.

माझे आजोबा राजापूरकडून आले ते थेट लालबागला, गावकीच्या खोलीत. चाळीतली एक खोली, राहणारे वीस-पंचवीस, सगळे एकाच गावचे. गिरणीच्या पाळ्या असल्यामुळे एकाने वळकटी गुंडाळली की त्याच जागी दुसरा आडवा व्हायचा. ज्याची त्याची इस्टेट म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. जेवण खाणावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी. गिरणीत चिकटवायलाही खोलीतलाच कुणीतरी जॉबरकडे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकायचा.

असंच दुसऱ्यांचंही चाललं होतं. धोबीतलावला गोवेकरांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, होत्या, एकेका गावाचा एकेक. बोटीवरचे खलाशी दोन सफरींच्या मधे तिथे उतरायचे. ट्रंका तिथेही होत्याच, फक्त ग्रामदैवताच्या तसबिरीच्या जागी ऑल्तार (ख्रिस्ती वेदी) आणि संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना). चित्रापूर सारस्वतांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँक काढली आणि १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण सोसायटी. मांडवीला १७९६ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभारणारे सॅम्युएल इझेकिएल हे दिवेकर. बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, गावांवरून पडलेली आडनावंच बघा ना: दिवेकर, पेणकर, नागावकर. धर्म कुठलाही असो, गाव सुटलेलं नाही.

म्हणजे शहराने कुणाला पोटाशी धरलं असं काही नाही. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला जागा करून दिली, एवढंच. आणि ती जागा आपल्यातल्यालाच, हे विसरून कढ काढू नयेत. गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर मागावरच्या धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागायचं आणि 'बाटण्याची' भीती. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. एकाच भोंग्यावर कामाला जाणाऱ्यांची ही गोष्ट आहे.

सरमिसळ कुठे झालीच नाही असंही नाही. संपात झाली, युनियनमध्ये झाली. खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यात गाव कुणी विचारलं नाही. (गावकीच्या खोल्या पुरुषांच्याच होत्या, बाईमाणसाला तिथे जागा नव्हती, हेही सांगायला हवं.) १९८२ च्या गिरणी संपानंतर हे सगळंच विस्कटलं.

आता घर शोधायला निघालात तर एजंट आडनाव विचारेल, मग मांसाहार करता का ते. तेव्हा कप्पा कळेलच.

आमच्या गावाचं मुंबई मंडळ अजून आहे. वार्षिक सभा मात्र डोंबिवलीला भरते, कारण निम्मं गाव आता तिकडेच राहतं.