वाचकांचे प्रश्न : व्हिस्लरचा उतार

जुलैत मुलीकडे व्हँकुव्हरला जाणार आहे. तिथून एक दिवस व्हिस्लर बाइक पार्कला, म्हणजे लिफ्टने डोंगरावर जाऊन सायकलने उतरायच्या ठिकाणी, जायचा बेत आहे. सायकलिंगची सवय आहे. पण मागे मनालीजवळच्या उतारावर दहाच मिनिटांत बोटं आखडली आणि ब्रेक दाबवेना. माझं काय चुकतं? — एक वाचक, पुणे

ब्रेक सतत धरून ठेवता, तेही बहुधा दोन-तीन बोटांनी. उतारावर अंगाचा भार पायांवर हवा. दोन्ही पेडल आडव्या पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे-कोपर सैल. भार हातांवर आला की मूठ आवळली जाते आणि कोपरापर्यंतचे स्नायू ताठरतात.

ब्रेकला फक्त तर्जनी पुरते. लिव्हर आतल्या बाजूला सरकवून घ्या, म्हणजे तर्जनी तिच्या टोकाशी येईल. टोकाशी जोर कमी लागतो. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. अखंड घासत ठेवलेल्या ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) तापते, तिला दाबणारे पॅड गुळगुळीत होऊन किंचाळू लागतात, आणि शेवटी लिव्हर हँडलला टेकते. तसं झालं तर कडेला थांबून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

आणखी एक, महत्त्वाचं. आपल्याकडे बऱ्याच सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो; कॅनडात सहसा डावा. सवयीने डावा करकचून दाबलात तर सायकलवरून पुढे फेकले जाल. निघण्यापूर्वी सपाटीवर पाच मिनिटं दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा.

भाड्याची सायकल घेताना काय तपासावं? — एक वाचक, नाशिक

सर्वांत आधी मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के शोषणारा दांडा. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, सगळा जामानिमा घालून सायकलवर उभे राहा आणि शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते मोजा. स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त जितका दबतो ते अंतर, ७५ मिमी असेल तर २२ मिमीच्या आसपास, म्हणजे सुमारे ३० टक्के. त्याहून फार कमी असेल तर मागचं चाक खड्ड्याखड्ड्यावर उसळेल. जास्त असेल तर शॉक तळाला आपटेल. पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दुहेरी दांड्याला) २० टक्के पुरे.

टायरची हवा ७० किलोच्या माणसाला पुढे २३ ते २५, मागे २६ ते २८ पीएसआय. त्याहून कमी ठेवली तर दगडावर रिम आदळते. फुल-फेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घ्याच. प्रवास विम्यात डाउनहिल (डोंगरउतारावरचं) सायकलिंग वगळलेलं नाही ना, हेही मुंबईहून निघण्याआधीच वाचा; बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

मित्र म्हणतात, व्हिस्लरला जाऊन ए-लाइन ही उड्यांची वाट केली नाही तर काय केलं! पहिल्या दिवशी जमेल का? — एक वाचक, ठाणे

मित्रांना खुशाल बोलू द्या. वाटांचे दर्जे रंगांनी ठरतात: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. हिरवी ईझी डज इट आधी, दोनदा. मग निळी बी-लाइन, आणि ती न अडखळता उतरलात तर निळीच क्रँक इट अप. ए-लाइन काळ्या दर्जाची. तिथले बहुतेक उडीचे उंचवटे टेबलटॉप आहेत, मधला भाग मातीने भरलेला, त्यामुळे न उडताही वरून जाता येतं. धोका मागून येणाऱ्यांचा असतो. ते वेगात हवेत असतात आणि उंचवट्यापलीकडे तुम्ही त्यांना दिसत नाही. म्हणून उतरण्याच्या जागी कधीही थांबू नका. पडलात तर सायकल उचलून ताबडतोब कडेला व्हा.

दुपारनंतर वळणांआधी मातीत लाटांसारखे खड्डे पडलेले असतात. आधीच्या शेकडो जणांनी तिथेच ब्रेक दाबलेले असतात. सकाळी लिफ्ट सुरू होताच जा. वाटेत काळं अस्वल दिसलं तर थांबा, अंतर ठेवा, ते जाईपर्यंत फोटोचा मोह आवरा.