हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

प्रश्न असा: ‘हर्षद संख्या’ या नावातला हर्षद कोण? संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा’ का नाही? आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या हर्षद आहे का?

हर्षद हा कुणी माणूस नाही. हर्ष + द, म्हणजे हर्ष देणारा. जलद म्हणजे पाणी देणारा ढग, वरद म्हणजे वर देणारा. त्यातलाच हा ‘द’. नाव ठेवलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून त्यांच्याच नावाने प्रसिद्ध असलेली ६१७४ घ्या: बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे चक्क ७ चा घन! अशा संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञाचंही नाव दिलं जातं, पण मला कापरेकरांचं नाव फार उजवं वाटतं. भाग पुरता गेल्यावर जे वाटतं तेच त्यांनी नावात ठेवलं.

आता लिंगाचं. संस्कृतात विशेषण विशेष्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून तिथे ‘हर्षदा’ बरोबर ठरेल. मराठीत मात्र अशी तत्सम विशेषणं सहसा बदलत नाहीत. आपण ‘सुखद झुळूक’, ‘दुःखद बातमी’ म्हणतो. ‘दुःखदा बातमी’ कुणी म्हणत नाही. हर्षदा, वरदा, नर्मदा ही रूपं आपल्याकडे विशेषनामं म्हणून नांदतात. तेव्हा मराठीत ‘हर्षद संख्या’च.

तुमची संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या स्थानांच्या (एकं, दहं...) यादीप्रमाणे तिचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी येतो, यादीतल्या शेवटच्या परार्धाच्या एकच पायरी खाली. उलटीकडून वाचली तरी ती तीच राहते. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की ही संख्या मिळते. अंकांची बेरीज ८१. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे (यात ८ नाही, तो राहून गेलेला नाही!). म्हणजे ती हर्षद आहेच.

पण एकदा, दोनदा, असं नऊ वेळांपर्यंत १ लिहून वर्ग करत गेलं की होणाऱ्या १, १२१, १२३२१ अशा या नऊ संख्यांच्या माळेत सगळ्याच हर्षद नाहीत. १२३४५४३२१ ची बेरीज २५, आणि शेवटी १ असलेल्या संख्येला २५ ने भाग जायचा नाही. माळेतल्या फक्त तीन हर्षद: १, १२३२१ आणि तुमची.

या माळेला कापरेकरांनी ‘डेम्लो’ म्हटलं, तेव्हाच्या डेम्लो म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनावरून. ते गावाचं नाव असल्यामुळे तिथे लिंगाचा प्रश्नच येत नाही.