गाडीच्या काळ्या काचा: परदेशातल्या कोकणकरांचे प्रश्न

गणपती जवळ आले की आखातातून आणि युरोपातून येणाऱ्या पत्रांत गाडीचा विषय हमखास निघतो. एक गाडी तिकडे नोकरीच्या गावी, दुसरी इकडे घराच्या अंगणात, आणि दोन्हींच्या काचांवर कुणीतरी केव्हातरी चढवलेली काळी फिल्म. या वेळी त्याच प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रश्न : दुबईत जुनी सेडान घेतली. आधीच्या मालकाने इतकी काळी फिल्म लावली आहे की अंधार पडल्यावर बाजूच्या आरशात काही दिसत नाही. नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय. फक्त पुढच्या दोन दरवाजांची फिल्म बदलली तर चालेल का? (मूळ गाव देवरूख)

सगळीच काढा. अमिरातीत बाजूच्या आणि मागच्या काचांना काळेपणाची मर्यादा ५० टक्के आहे, समोरच्या मोठ्या काचेवर फिल्म चालत नाही. मर्यादा ओलांडली तर १५०० दिरहम दंड आहे. तुम्ही वर्णन करता ती फिल्म बहुधा पाच-दहा टक्केच प्रकाश आत सोडणारी असणार, म्हणजे मागची काचही तपासणीत अडकेल.

आता नवी फिल्म निवडताना लोक जिथे फसतात ते सांगतो. रोलवर लिहिलेला आकडा, म्हणजे किती टक्के प्रकाश आरपार जातो तो, फक्त फिल्मचा असतो. मीटर मात्र काच आणि फिल्म दोन्हींतून आरपार आलेला प्रकाश मोजतो. कारखान्यातून आलेली काच स्वतःच थोडा प्रकाश अडवते. समजा ती ७५ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली तर हाती येतात साडेसदतीस टक्के. ७० टक्क्यांची लावली तर साडेबावन्न. म्हणून जुनी फिल्म निघाली की आधी उघडी काच मीटरने मोजून घ्या, मग रोल ठरवा आणि काम झाल्यावर पुन्हा मोजायला सांगा. ज्या दुकानात मीटर नाही तिथे गाडी देऊ नका.

दुसरं, काळेपणा म्हणजे गारवा नव्हे. हे मी जीव तोडून सांगतो, कारण उन्हाच्या देशात राहणारी माणसं याच समजुतीपायी रात्रीची नजर गमावून बसतात. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांचा असतो, जो डोळ्याला दिसतच नाही. स्वस्त रंगीत फिल्म दिसणारा प्रकाश अडवते, तो शोषून स्वतः तापते आणि त्या उष्णतेतला काही भाग आत सोडते. चांगली सिरॅमिक फिल्म दिसायला जवळजवळ साध्या काचेसारखी असते, पण अवरक्त किरण अडवते. दुकानदार दिव्यापुढे फिल्म ठेवून तिच्यामागे हात धरायला लावून फरक दाखवेल. त्या दिव्यातून बहुतेक अवरक्त किरणच निघतात, म्हणून तो प्रयोग नेहमीच झकास वाटतो. तुम्ही विचारा, एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते? त्या आकड्याला टीएसईआर म्हणतात, आणि दोन फिल्मची तुलना त्यावरच करायची. धातूचा थर असलेली फिल्म शक्यतो टाळा, मोबाइल आणि जीपीएसचा सिग्नल अडखळतो.

तिकडच्या उन्हात जुन्या फिल्मचा गोंद काचेवर भाजून घट्ट बसलेला असतो. वाफेच्या यंत्राने काढणारं दुकान शोधा. नवी फिल्म बसली की दोन-चार दिवस काचा खाली करायच्या नाहीत. आत पाण्याचे बारीक फुगे किंवा धूसरपणा दिसला तर घाबरू नका, ते सुकत जातं. धुळीचा कण अडकून आलेला फुगा मात्र सुकत नाही, तो दुकानदाराकडून बदलूनच घ्यायचा.

प्रश्न : शारजात ५० टक्क्यांची सिरॅमिक फिल्म उत्तम मिळते. येताना रोल आणून गावच्या गाडीला बसवायचा विचार आहे. इथे कायदेशीर, मग तिथे का नको? (मूळ गाव खेड)

कारण कायदा गाडी ज्या रस्त्यावर धावते त्या रस्त्याचा लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हा हिशेब कारखान्यातून आलेल्या काचेचा. त्यावर आणखी काही चिकटवायचं नाही, फिल्म कितीही टक्क्यांची असो, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिला आणि त्या वर्षीच्या ४ मेपासून तो लागू झाला. पोलिसांनी दंड करावा आणि फिल्म जागेवर काढावी, असंही त्यात आहे.

तुम्ही कदाचित केरळ उच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालाबद्दल वाचलं असेल. २०२१पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीच्या आधारे त्या न्यायालयाने म्हटलं की ७० आणि ५० टक्क्यांची पातळी राखली जात असेल तर फिल्म चालेल. पण तो निकाल केरळचा. महाराष्ट्रात काळ्या फिल्मवर कारवाई होतेच, आणि हातखंब्याला गाडी अडवल्यावर तिथल्या हवालदारापुढे केरळचा निकाल वाचून काही साधत नाही. शिवाय तुमचा रोल त्या निकालातही बसत नाही. वरचाच हिशेब करा : ७५ टक्क्यांची काच, ५० टक्क्यांची फिल्म, उरले साडेसदतीस.

दंडाची रक्कम पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००. ही रक्कम पाहून ‘भरून टाकू’ म्हणणारे बरेच आहेत. माझं म्हणणं दंडापुरतं नाही. आपल्याकडच्या आषाढातल्या संध्याकाळी आंबा घाटात ढग उतरलेले असतात, समोरून एसटी येते, रस्त्याकडेला इरलं घेतलेला माणूस चालत असतो. गावात शिरलं की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एका गाडीची वाट, आणि समोरून कुणी आलं की रिव्हर्स घ्यायचा. त्या वेळी बाजूच्या काचेतून दिसलंच पाहिजे. काळोख, पाऊस आणि वर काळी काच, यात गडग्याला बंपर घासला तर निभावलं, पोर मागे उभं असेल तर?

उन्हाचा त्रास खराच आहे. सड्यावर दुपारभर उभी राहिलेली गाडी उघडली की आतून भट्टीचा झोत येतो. त्यावर उपाय आहेत. गाडी उभी असताना समोरच्या काचेला आतून चकचकीत सनशेड लावा. ती चालत्या गाडीत नको, उभ्या गाडीला काही हरकत नाही. निघताना चारही काचा खाली करून मिनिटभर गाडी चालवा, गरम हवा बाहेर पडू द्या, मग काचा वर करून एसी लावा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. एवढ्याने गाडी किती लवकर गार होते ते बघाच. फणसाखाली गाडी लावू नका, हे खेडकरांना सांगायला नकोच.

प्रश्न : मिस्टर मर्चंट नेव्हीत, वर्षातले बरेच महिने जहाजावर. जुन्या गाडीच्या काचांवरची फिल्म जांभळी पडून फुगे आलेत. ओळखीचा गॅरेजवाला ब्लेडने खरवडून देतो म्हणतो. देऊ का? (चिपळूण)

बाजूच्या काचांना देऊ शकता, मागच्या काचेला मुळीच नको.

फिल्म जांभळी पडते कारण तिच्यातला रंग उन्हाने विटतो. काळा रंग अनेक रंगद्रव्यांचा मिळून झालेला असतो. काही आधी मरतात, उरलेल्यांची जांभळी झाक राहते. फुगे म्हणजे गोंदाने काच सोडली. आपला खारा वारा आणि चार महिन्यांची ओल या दोन्ही गोष्टी कडांपासून सुरुवात करतात. अशी फिल्म ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

मागच्या काचेवर आतून आडव्या तपकिरी रेघा दिसतात ना, त्या डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या. त्या काचेवर छापलेल्या वाहक रेघा असतात आणि ब्लेडच्या एका फटक्यात निघतात. रेघ जिथे तुटते तिथून पुढे प्रवाह जात नाही, काच तेवढ्या पट्ट्यात धुरकटच राहते. चांदीयुक्त वाहक रंगाने तुटका तुकडा जोडता येतो, पण कशाला ती वेळ आणायची! पावसाळ्यात चिपळूणहून रत्नागिरीपर्यंत जायचं तर ही काच मोकळी हवीच.

मागच्या काचेसाठी गॅरेजवाल्याला असं सांगा. आधी मागच्या फळीवर आणि स्पीकरवर जाड टॉवेल घाला. आतून फिल्मवर साबणाचं पाणी मारून त्यावर काळं प्लॅस्टिक चिकटवा आणि गाडी दोनेक तास कडक उन्हात उभी करा. वाफेचा स्टीमर असेल तर काम आणखी सोपं. गोंद मऊ झाला की एका वरच्या कोपऱ्यातून नखाने कड उचला आणि फिल्म स्वतःवर दुमडून, रेघांच्या दिशेनेच, सावकाश ओढत न्या. घाई केली तर वरचा पापुद्रा निघतो आणि गोंद काचेवरच राहतो. राहिलेल्या गोंदावर पुन्हा साबणाचं पाणी, थोडा वेळ, आणि मऊ फडक्याने रेघांच्याच दिशेने पुसणं. काही जण या कामाला अमोनिया वापरतात. बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला त्रास देते, आतलं लेदर-प्लॅस्टिकही खराब होतं. नकोच.

बाजूच्या काचांना कोरं ब्लेड चालतं, मात्र भरपूर साबणाचं पाणी घालून, अगदी आडवं धरून, एकाच दिशेने. ओलं फडकं दरवाजाच्या कडेला लावून ठेवायला सांगा, नाहीतर पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये उतरतं. हीट गन वापरणार असेल तर एका जागी धरून ठेवायची नाही. पावसाने गार झालेल्या काचेवर एकदम झोत मारला तर काच तडकू शकते.

काम श्रावणातलं ऊन बघून करा, किंवा सरळ पावसाळा संपल्यावर. त्यानंतर चारही दरवाजे उघडे टाकून गाडी पुरती वाळू द्या, नाहीतर सीटवर बुरशी धरेल. आणि नवी फिल्म लावायची नाही, कारण वर सांगितलंच.

प्रश्न : जर्मनीत नर्स म्हणून नोकरी करते. सेकंड हँड गाडी घ्यायची आहे, पुढच्या दोन्ही दरवाजांच्या काचा काळ्या आहेत. घ्यावी का? (मूळ गाव सावंतवाडी)

फिल्म काढून दे, मग घेते, असं विक्रेत्याला सांगा. जर्मनीत समोरच्या काचेवर आणि पुढच्या दोन दरवाजांच्या काचांवर फिल्म चालत नाही. मागच्या काचांवर चालते, पण त्या फिल्मला मान्यता हवी. तिला तिथे एबीजी म्हणतात, तिचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्या. मागची काच काळी असेल तर बाहेरचे आरसे दोन्ही बाजूंना हवेत. दर दोन वर्षांनी होणाऱ्या मुख्य तपासणीत हे सगळं बघतात.

ब्रिटनमधूनही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच सांगतो. १ एप्रिल १९८५ नंतर प्रथम वापरात आलेल्या गाडीला समोरून ७५ आणि पुढच्या दरवाजांतून ७० टक्के प्रकाश हवा. चालकाच्या मागच्या काचांना तिथे मर्यादा नाही.

प्रश्न : आईला ल्यूपस आहे, डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय. मी कतारमध्ये असतो. डॉक्टरांचं पत्र ठेवलं तर आपल्याकडे फिल्मला सवलत मिळेल का? (गुहागर)

२०१२च्या आदेशात सूट आहे ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. आजारासाठी नाही, आणि मला हे अन्याय्य वाटतं. अमिरातीत वैद्यकीय कारणासाठी परवानगी मागता येते, आपल्याकडेही तशी सोय असायला हवी.

तोवर काय करायचं ते बघू. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचा एकेरी. त्यांतून त्वचेत खोल जाणारे यूव्हीए किरण बरेच आत येतात. म्हणजे आईंना त्रास बाजूने आहे, समोरून नाही. त्यांना मागच्या सीटवर सावलीच्या बाजूला बसवा. महामार्गाने मुंबईकडे सकाळी निघालात तर ऊन उजवीकडून येतं, त्यांना डावीकडे बसवा. दुपारनंतर उलट. मुंबईहून परतताना याच्या नेमकं उलट धरा. पूर्ण बाह्यांचे कपडे, डॉक्टर सांगतील ते सनस्क्रीन, आणि शक्यतो उजाडायच्या आत निघणं. पुढची गाडी घ्याल तेव्हा कारखान्यातूनच अतिनील किरण अडवणाऱ्या बाजूच्या काचा असलेलं मॉडेल बघा. अशी काच नियमात बसते, कारण ती वरून चिकटवलेली नसते.

प्रश्न : मी मस्कतला, गाडी भाऊ चालवतो. काळ्या काचांचं ई-चलान माझ्या नावावर आलंय हे मला फार उशिरा कळलं. पुढे काय करू? (मूळ गाव मालवण)

चलान नोंदणीकृत मालकाच्या नावावर निघतं आणि संदेश आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर तुम्ही परदेशी गेल्यावर बंद पडला असणार. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आधी थकलेली सगळी चलानं बघून घ्या, दंड तिथेच भरता येतो. मग परिवहनच्या संकेतस्थळावर चालू मोबाइल नंबर जोडा.

त्याआधी भावाला फिल्म काढायला लावा, नाहीतर पुढचं चलान दीड हजाराचं येईल. आणि तुम्ही वर्षातून एकदाच येणार, गाडी कायम तोच वापरणार असेल, तर सिंधुदुर्गच्या आरटीओत गाडी त्याच्या नावावर करून द्या. अपघात झाला तर विमा, जबाब, न्यायालयाची तारीख, सगळं मालकाला शोधत येतं आणि मस्कतहून ते निस्तरता येत नाही. विम्याची पॉलिसीही त्याच वेळी भावाच्या नावावर करायला विसरू नका.