वडील ग्रीन कार्डधारक, पण वारले पुण्यात. अमेरिकी इस्टेट टॅक्ससाठी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) डोमिसाइल, म्हणजे कायमच्या वास्तव्याचं ठिकाण, कुठलं धरतील?

मृत्यू कुठे झाला यावरून ते ठरत नाही. आयकरातला १८३ दिवसांच्या वास्तव्याचा हिशेबही इथे चालत नाही. बघतात ते कायमचं राहायचा इरादा: घर, जोडीदार, मृत्युपत्रातला उल्लेख वगैरे. ग्रीन कार्डाने पारडं अमेरिकेकडे झुकतं, पण तेवढंच पुरत नाही. शिवाय जुनं डोमिसाइल नवं मिळेपर्यंत सुटत नाही. तिकडचं घर विकून, सामान हलवून ते पुण्यात कायमचे आले होते का? माझ्या मते खरा मुद्दा हाच.

पण भारताचं डोमिसाइल दाखवायची घाई नको. तसं ठरलं तर फक्त अमेरिकेतली मालमत्ता मोजतात, मात्र सूट जेमतेम ६०,००० डॉलरची. अमेरिकेचं ठरलं तर जगभरची मालमत्ता धरतात, पण २०२६ मधल्या मृत्यूसाठी सूट दीड कोटी डॉलर. विवरणपत्राची मुदत मृत्यूपासून ९ महिने.